बसायची मुळी: कृष्णाकाठच्या एका केशर आंब्याचं प्रकरण

२०२२ च्या दत्तजयंतीला औदुंबरला दर्शन घेऊन परतताना मामांच्या मळ्यात उतरले, तेव्हा लाकडाचा व्यापारी आंब्याच्या बुंध्याला दोरी गुंडाळून घेर मोजत होता. मामा बाजूला उभे होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "वांझ झालंय गं ते. नुसतं जागा अडवून बसलंय." मी त्यांच्याकडं एक वर्ष मागून घेतलं. प्रत्यक्षात दोन लागली. त्या काळात काय दिसलं, काय केलं आणि माझं कुठं चुकलं ते सगळं लिहून ठेवते आहे. भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत कृष्णेच्या काठानं अशी आणखी झाडं उभी आहेत, आणि त्यांनाही लोक वांझच म्हणतात.

मी तासगाव भागात द्राक्षबागांना सल्ला देते. आंबा माझ्या रोजच्या कामातला नाही. पण या झाडाखाली माझ्या उन्हाळी सुट्ट्या गेल्या आहेत, त्यामुळं त्याच्याकडं निव्वळ सल्लागाराच्या नजरेनं बघणं मला जमणार नव्हतं.

झाडाची हकीकत

झाड केशरचं. आजोबांनी १९९८ च्या पावसाळ्यात विहिरीच्या कोपऱ्यावर तीन कलमं लावली, त्यातलं हे एक तगलं. केशर मूळचा जुनागढकडचा. हापूससारखा तो कोकणच्या हवेसाठी अडून बसत नाही, म्हणून देशावर चांगला येतो. आजोबांनी तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढून शेणखत, माती आणि थोडा मुरूम घालून तो भरला होता. पश्चिमेला विहिरीतून निघालेल्या मुरमाचा जुना ढीग, पूर्वेला मळीचं, म्हणजे नदीच्या गाळाचं, काळं रान. पुढं जे घडलं त्याची अर्धी किल्ली या जागेतच आहे.

२००५ पासून फळ धरू लागलं. २०१५ साली चाळीस डझन उतरलं, ते सगळ्यात भरीचं वर्ष. माजघरात भाताच्या पेंढ्यात आढी घालायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वासानं घरात कुणाला झोप यायची नाही, हे मला अजून आठवतं.

तोवर पूर्वेच्या रानात सोयाबीन, गहू, मधूनच हळद असायची. २०१६ पासून तिथं ऊस आला, तोही आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्ष रानात राहणारा. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. मामांच्या मळ्यात झाड आठ दिवस पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर झाड उभं दिसलं, पानं हिरवी होती, आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मोडलेलं घर आणि वाहून गेलेली जनावरं समोर असताना आंब्याचा बुंधा वाकून बघायला कुणाला वेळ होता?

२०२० मध्ये मोहोर तुरळक आला आणि फळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या ऑगस्टमध्ये मामांनी एका औषधाच्या दुकानात तक्रार सांगितली. तिथून मोहोर आणणारं औषध म्हणून पॅक्लोब्युट्राझोलची १०० मिलीची बाटली मिळाली, ती मामांनी सगळीच्या सगळी बुंध्याभोवती ओतली. जानेवारी २०२१ मध्ये झाड मोहोरानं पांढरं झालं. फळंही भरपूर लागली, पण लिंबाएवढीच राहिली. त्याच जुलैमध्ये पुन्हा पूर आला. २०२२ मध्ये एकही फळ नाही, वरचे शेंडे वाळायला लागले आणि पानं गुच्छ केल्यासारखी दाटीवाटीनं येऊ लागली. दुकानदार म्हणाला, अजून एक बाटली घाला. शेजाऱ्याचं म्हणणं, खोडात लोखंडी खिळे ठोका. शेवटी लाकडाचा व्यापारी आला.

पहिल्या दिवशी काय दिसलं

डिसेंबर होता. पूर्वेच्या, म्हणजे उसाकडच्या फांद्यांना कोवळी तांबूस पालवी फुटलेली. आंब्याला मोहोर यायचा तर पावसाळ्यानंतर आलेली पालवी पक्की व्हावी लागते, काडी तीन-चार महिन्यांची जुनी व्हावी लागते, आणि मग थंड रात्री मिळाल्या की डोळ्यातून मोहोर निघतो. डिसेंबरात पालवी आली, तर त्या काडीवर जानेवारीत मोहोर शोधायचाच नाही.

पश्चिमेच्या, मुरमाकडच्या फांद्यांची पानं मात्र जाड, गडद, निबर होती आणि दोन-चार टोकांचे डोळे फुगू लागले होते. झाड एकच, हवा एकच, थंडी एकच. फरक फक्त पायाखालच्या जमिनीत. आंब्यात सहसा ज्या बाजूची मुळं, त्याच बाजूच्या फांद्यांना त्यांचं पाणी-अन्न जास्त जातं, म्हणून असं अर्धं-अर्धं झाड दिसतं.

दोन्ही बाजूंना पहारीनं तीन-तीन फूट खोल भोकं पाडली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी उसाकडच्या भोकात सव्वादोन फुटांवर पाणी उभं होतं. मुरमाकडचं भोक कोरडं. पूर्वेच्या मातीचा नमुना मी प्रयोगशाळेत दिला. सामू (पीएच) ८.४ आणि क्षारता, म्हणजे मातीत विरघळलेल्या क्षारांचं माप, १.८ डेसीसायमन आली. क्षारता १ च्या आत असली तर चिंता नसते, आणि आंबा हे तर क्षारांना हळवं झाड. जुन्या पानांची टोकं करपलेली होती, ती का ते कळलं.

उसाचा हिशोबही बघा. आडसालीची शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची. एकरी ते १६० किलो होतं, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळपास पावणेआठ गोण्या. त्यातलं बांधाकडंचं खत आंब्याची मुळं उचलणारच. वर दर पंधरा-वीस दिवसांनी पाटाचं पाणी. आटपाडीत डाळिंब लावणाऱ्या कुणालाही विचारा, ताण दिल्याशिवाय बहार धरत नाही हे तो पहिल्या वाक्यात सांगेल. आंब्यालाही पाऊस संपल्यापासून मोहोर येईपर्यंत कोरडं राहावं लागतं. या झाडाला सहा वर्षांत ती कोरड एकदाही मिळाली नव्हती.

मी वहीत लिहिलं: पाणी जास्त, नत्र जास्त, ताण नाही. मला वाटलं, उत्तर सापडलं. सापडलं होतं ते अर्धंच.

आज्जीचा प्रश्न

जानेवारीत पुन्हा गेले, तेव्हा आज्जीला गाडीत घालून मळ्यात नेलं. गुडघ्यांमुळं ती पुरानंतर तिकडं फिरकलीच नव्हती. झाडाजवळ आली, बुंध्याभोवती एक फेरी मारली, आणि काठीनं जमीन टोकत म्हणाली, "बसायची मुळी कुठं गेली?"

मला आधी उमगलंच नाही. "आगं, हितं हुती की. विहिरीकडच्या बाजूला, मांडीएवढी. तुझा आजा आन् मी तिच्यावर बसून भाकरी खायाचो. झाड गळ्यापत्तूर मातीत घातलंय जणू."

मी बुंध्याकडं बघितलं आणि अंगावर काटा आला. पंचवीस वर्षांच्या आंब्याचा बुंधा जमिनीजवळ रुंद होत जातो. मुळ्या फाकत बाहेर निघतात आणि मग मातीत शिरतात. इथं खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत गेलं होतं. डिसेंबरात मी तासभर याच बुंध्याशी उभी होते, फांद्या मोजल्या, पानं उलटसुलट केली, मातीत भोकं पाडली, आणि ही गोष्ट माझ्या नजरेतून निसटली.

मामांनी खोरं आणलं. मी ते बाजूला ठेवलं आणि खुरपं मागितलं. कारण गाळात जर नवीन मुळं फुटली असतील, तर ती खोऱ्यानं तुटली असती. खोडाला चिकटून वीतभर जागा हळूहळू उकरली. वरचे चार-पाच बोटं राखट, पापुद्र्यांसारखा गाळ. त्याखाली कुजलेल्या पानांची एक काळी रेघ, कागदाएवढी पातळ. त्याखाली पुन्हा गाळ, जास्त घट्ट, चिकट. मग मूळची काळी माती. म्हणजे खालचा थर २०१९ चा, वरचा २०२१ चा, आणि मधली काळी रेघ म्हणजे दोन पुरांमधल्या दोन वर्षांची गळलेली पानं. एकूण खोली नऊ इंच. मामा उकिडवे बसून ती रेघ बोटानं चाचपत राहिले, बराच वेळ काही बोललेच नाहीत.

नऊ इंचांच्या खाली साल मऊ पडली होती, नखानं दाबली की खचायची, आणि वास सडक्या अंड्यासारखा. आंब्याची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. पुराचा गाळ इतका बारीक असतो की वाळला की त्याची पाटी होते आणि हवा आत जात नाही. खालून उसाचं पाणी वर चढलेलं, वरून गाळाचं झाकण. मधे मुळं गुदमरत होती.

आता बाटलीची गोष्ट वेगळी दिसू लागली. पॅक्लोब्युट्राझोल हे औषध वाईट नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं एक वर्षाआड फळणाऱ्या हापूससाठी त्याची शिफारस केली आहे आणि कोकणात ते सर्रास वापरतात. पण ते द्यायचं सशक्त झाडाला, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि फांद्यांच्या पसाऱ्याच्या दर मीटर व्यासाला ३ मिली. या झाडाचा पसारा आठ मीटर, म्हणजे २४ मिली झाले असते. गेले १०० मिली, चौपट. हे औषध झाडाची वाढ आखडून त्याला मोहोराकडं ढकलतं. मुळं गुदमरलेल्या झाडानं जवळची सगळी शिदोरी एका मोहोरात उधळली आणि पुढं त्याच्याकडं काही उरलं नाही. आखूड पेरं आणि पानांचे गुच्छ हीही त्या जादा मात्रेचीच खूण. दुकानदारानं पसारा किती, झाड कसं आहे, पूर आला होता का, यातलं एकही विचारलं नाही याचा मला आजही राग येतो.

भिरूड

बुंध्याची साल साफ करताना दक्षिणेच्या अंगाला, जमिनीपासून दीड फुटावर, तांबूस भुसा सांडलेला दिसला. जरा वर पेन्सिलीच्या जाडीचं भोक, कडेला डिंक. खोडकिडा. आपल्याकडं याला भिरूड म्हणतात. लांब मिशांचा भुंगेरा पावसाळ्याच्या तोंडाला सालीच्या जखमेत अंडी घालतो आणि अळी महिनोन्महिने आत लाकूड पोखरते. धट्ट्याकट्ट्या झाडापेक्षा अशक्त झाड त्याला लवकर सापडतं.

सायकलच्या तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून भोकात घातलं. पहिल्या दोन वेळा नुसता ओला भुसा आला. तिसऱ्यांदा काहीतरी मऊ लागलं. सावकाश ओढलं तर पिवळट पांढरी, बिनपायांची, माझ्या करंगळीहून जाड अळी बाहेर आली, तोंडाशी तपकिरी जबडे अजून हलत होते. मामींनी ती कोंबडीला टाकली. भोकात पेट्रोलचा बोळा घालून वरून चिकणमातीनं बुजवलं. आणखी दोन भोकं सापडली, एकात अळी होती, एक रिकामं. झाड कशानं मेलं असतं असं कुणी विचारलं असतं तर सगळ्यांनी भिरुडाकडं बोट दाखवलं असतं. पण भिरूड नंतर आलं. दार आधीच उघडं होतं.

काय केलं

फेब्रुवारी २०२३ मध्ये बुंध्याभोवती पाच फुटांपर्यंतचा गाळ खुरप्यानं आणि हातानं काढला. चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी विहिरीकडची मुळी उघडी पडली. सडलेली साल चाकूनं तासून, निरोगी लाकूड लागेपर्यंत, वर बोर्डो मलम लावला. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत.

इथं माझी दुसरी चूक झाली. साडेतीन वर्षं अंधारात राहिलेली साल मी एकदम उघडी केली आणि मार्चच्या उन्हात एका मुळीची वरची बाजू तडकली. आधी निम्मा गाळ काढून, मधे पंधरा दिवस सोडून, उरलेला नंतर काढायला हवा होता. आणि उघड्या मुळीला लगेच चुन्याचा हात द्यायला हवा होता. चुना नंतर दिला.

पाच फुटांपलीकडचा सगळा गाळ काढणं शक्य नव्हतं. तिथं बुंध्यापासून बाहेर जाणारे आठ चर काढले, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे, फूटभर रुंद, दीड फूट खोल. वाटेत जाड मूळ आलं की त्याला वळसा घातला. चरांत शेणखत आणि कुजलेलं पाचट भरलं, म्हणजे गाळाच्या पाटीला आठ ठिकाणी खिडक्या पडल्या.

सगळ्यात मोठा वाद झाला तो पूर्वेच्या चरावरून. झाडापासून पंधरा फुटांवर तीन फूट खोल चर काढून तो ओढ्याला जोडायचा होता, आणि त्यासाठी उसाच्या दोन सऱ्या झाडापुरत्या सोडाव्या लागणार होत्या. मामा म्हणाले, "एका आंब्यापायी ऊस मोडू व्हय?" त्यांचं चूक नव्हतं, ऊस कारखान्याला जातो आणि आंबा घरात खाल्ला जातो. मामींनी मग चरातून निघालेली माती आणि ओढ्याकडं वाहणारं पाणी दाखवून त्यांना गप्प केलं. चर खणल्यापासून त्या कोपऱ्यातल्या उसाचाही पिवळेपणा गेला हे मामा आता स्वतःच सांगतात.

वाळके शेंडे जिवंत लाकडात वीतभर आत घेऊन कापले आणि कापावर मलम. मोठी छाटणी टाळली. पुष्कळ लोक अशा झाडाचं एकदम नूतनीकरण करायला जातात, पण ज्याची मुळंच अर्धी आहेत त्याच्या फांद्याही कापल्या, तर नवीन पालवी फोडायला ताकद कुठून आणणार? शिवाय प्रत्येक मोठा काप म्हणजे भिरुडाला आमंत्रण.

जूनमध्ये शेणखत ५० किलो. पूर्ण वाढलेल्या आंब्याला वर्षाला दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि एक किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस आहे. आम्ही नत्र अजिबात दिलं नाही, कारण जमिनीत ते उसाचं होतंच. स्फुरद पूर्ण, पालाश निम्मं. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश वापरलं नाही, सल्फेट ऑफ पोटॅश वापरलं. म्युरेटमधल्या क्लोराईडनं आधीच करपलेली पानं आणखी करपली असती. बाटली अर्थातच बंद.

काय झालं

२०२३ चा पावसाळा सांगलीला कमीच पडला, ऑगस्ट तर जवळजवळ कोरडा गेला. मिरज, कडेगाव, खानापूर, शिराळा हे तालुके पुढं दुष्काळी जाहीर झाले. माणसांना ते साल वाईट गेलं, पण या झाडाला हवा तो ताण त्या सालानंही दिला. म्हणून पुढचं सगळं यश माझ्या चराच्या नावावर मी मांडत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये पूर्वेच्या फांद्यांवर पालवी नव्हती. मी त्या दिवशी झाडाला दोनदा प्रदक्षिणा घातली, खात्री करायला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेला आणि दक्षिणेला मोहोर आला. पूर्वेची बाजू गप्प राहिली. भुरीसाठी, म्हणजे मोहोरावर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीसाठी, पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅमनं एकदा फवारलं. तुडतुड्यांसाठी पानांवर चिकटा येतो का ते मामी रोज बघत होत्या, फवारणीची गरज पडली नाही. मोहोराच्या काळात पाणी बंदच ठेवलं. कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर पहिलं पाणी, मग दर पंधरा दिवसांनी १५० लिटर, पसाऱ्याच्या कडेखाली गोल आळं करून, बुंध्यापासून लांब. असं चार वेळा.

मे २०२४ मध्ये ६१ फळं उतरली. मापानं पूर्वीसारखी, देठाशी खांदा भरलेली. २०२५ मध्ये चौदा डझन, आणि पहिल्यांदाच पूर्वेच्या तीन फांद्यांनी फळ दिलं. पेरं आता लांब होऊ लागली आहेत, औषधाचा आखडपणा सुटतो आहे. पूर्वेच्या मातीची क्षारता १.८ वरून १.१ वर आली आहे. भिरूड मात्र २०२४ च्या हिवाळ्यात एका आडव्या फांदीत पुन्हा सापडलं, तारेनं काढलं. तडकलेली मुळी अर्धी वाळली, तिची एक बाजू गेली ती गेलीच.

गेल्या मे महिन्यात मामांनी एक काम न सांगता केलं. बुंध्याचा मूळचा मातीशी भेटायचा भाग जिथं आहे, तिथं त्यांनी खोडाभोवती गेरूची बोटभर जाड रेघ ओढली, आणि विहिरीच्या कठड्यावर त्याच उंचीला दुसरी. पूर ओसरला की आधी खुरपं घेऊन रेघ शोधायची, असं त्यांनी धाकट्या मुलाला सांगून ठेवलंय. आज्जी मुळीवर बसली होती, आणि ती म्हणाली की रेघ दोन बोटं वर गेलीय, माती अजून खाली हुती. मामांनी ती पुसून पुन्हा ओढली.